सेफ्टी आउटपुट मॉड्यूल बदललं तरी चॅनेल पॅसिव्हेट (सुरक्षेसाठी आपोआप बंद) होतंच आहे, पाहायचं कुठे?

रबाळे_मेंटेनन्स

मंडळी, रबाळे एमआयडीसीतली पॅकिंग लाइन आहे. रोलर फीडरला ब्रेक मोटर, समोर ३० मिमी रिझोल्यूशनचा लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा. सेफ्टी पीएलसीला (सुरक्षेचा कंट्रोलर) प्रोफिसेफ या सेफ्टी प्रोटोकॉलवर चार चॅनेलचं सेफ्टी आउटपुट मॉड्यूल, २४ व्होल्ट, पीएम स्विचिंग (लोडच्या वर आणि खाली एकेक स्विच). कंपनीचं नाव लिहीत नाही. नवं मॉड्यूल घालून पाहिलं, तरी तेच झालं, म्हणजे दोष कंपनीचा नसावा.

चॅनेल २ वर मोटर चालू-बंद करणारे दोन कॉन्टॅक्टर, के१ आणि के२. कॉइल समांतर, पॉवर कॉन्टॅक्ट एकापुढे एक. पॅनेलच्या दारावरचा एलईडी दिवाही त्याच कॉइलवर आहे. लाइन चालू असताना शिफ्टमध्ये दोन-तीनदा हे चॅनेल पडतं. डायग्नोस्टिक बफर, म्हणजे फॉल्टची नोंद, म्हणतो 'एल प्लसला (२४ व्होल्टच्या धन बाजूला) शॉर्ट सर्किट'. ऑपरेटरने ॲक्नॉलेज दाबलं की पुढचे दोन-तीन तास ठीक चालतं.

चॅनेल ३ वर हवा सोडणारा व्हॉल्व्ह, वायर मशीनखालच्या जेबीतून (जंक्शन बॉक्स). हे फक्त पावसाळ्यात पडतं. पहिल्या शिफ्टला लाइन चालू करायच्या आधीच 'एमला (शून्य बाजूला) शॉर्ट सर्किट' आलेलं असतं. अकरानंतर ॲक्नॉलेज घेतं आणि दिवसभर गप्प.

मल्टीमीटरवर चालू असताना २३.८, बंद असताना ०. फेरूल ओढून पाहिले, घट्ट आहेत. मे महिन्यात दोन्ही कॉन्टॅक्टर बदलले होते, स्टोअरने त्याच अँपिअरचे दिले.

सल्ले तीन मिळालेत. रीडबॅक टाइम १ वरून १०० मिलिसेकंद करा. ॲक्नॉलेजची अट काढून चॅनेल आपोआप परत येऊ द्या. किंवा मॉड्यूलचं एम टर्मिनल सोडून कॉइलचं ए२ (दुसरं टोक) सरळ कॉमन शून्यावर टाका. यातलं काय करावं?


घणसोली_ऑटोमेशन

आधी दोन्ही चॅनेल डोक्यात वेगळी करा. एक चालू असताना पडतं, दुसरं बंद असताना. मॉड्यूल एक म्हणून कारण एक असेल असं धरून चाललात तर दोन्ही सापडणार नाहीत.

चॅनेल २. 'एल प्लसला शॉर्ट' हे शब्दशः घेऊ नका. चालू असलेलं आउटपुट मॉड्यूल अधूनमधून स्वतःच क्षणभर बंद करतं आणि टर्मिनलवरचं व्होल्टेज परत वाचतं. ही डार्क टेस्ट. गडी इतका लवकर परत येतो की साध्या कॉइलला पत्ताही लागत नाही. पण तुम्ही सेट केलेल्या रीडबॅक टाइममध्ये, म्हणजे तुमच्याकडे १ मिलिसेकंदात, व्होल्टेज खाली आलं नाही तर त्याच्या लेखी बाहेरून कोणीतरी २४ व्होल्ट पुरवतंय. पुरवणारी शेजारची सोललेली वायर आहे की लोडमधला कपॅसिटर, हे त्याला कळायला मार्ग नाही. दोन्हींना तो एकच नाव देतो.

म्हणून माझा पहिला प्रश्न मेमध्ये बदललेल्या कॉन्टॅक्टरबद्दल. कॉइलवर काय छापलंय? नुसतं '२४ व्होल्ट डीसी' असेल तर ती साधी तांब्याची कॉइल. '२० ते ३३ व्होल्ट' असा पट्टा छापलेला असेल तर ती इलेक्ट्रॉनिक कॉइल. तिच्या तोंडाशी फिल्टरचा कपॅसिटर असतो. स्टोअरच्या दृष्टीने दोन्ही एकच, कारण अँपिअर तेच.

हिशोब असा मांडा. २४ वरून ५ व्होल्टला यायला लागणारा वेळ साधारण १.५७ गुणिले आर गुणिले सी. दोन कॉइलचे मिळून १ मायक्रोफॅरड धरले आणि होल्डिंगचा करंट ३० मिलिअँपिअर, म्हणजे सुमारे ८०० ओहम, तर वेळ येतो १.२५ मिलिसेकंद. तुमची मर्यादा १. अगदी उंबरठ्यावर. त्यातून ही कॉइल करंट सलग घेत नाही, ठोक्याठोक्याने घेते. टेस्ट कोणत्या ठोक्यावर पडली त्यावर पास-नापास. म्हणून दर टेस्टला न पडता शिफ्टमध्ये दोन-तीनदाच पडतं. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमचे मोजून घ्या.

केबलला उगाच दोष देऊ नका. कंट्रोल केबलची धारिता मीटरला १०० ते १५० पिकोफॅरडच्या आसपास. १०० मीटर ओढली तरी १५ नॅनोफॅरड, या हिशोबात ती कुठेच नाही.

खात्री करायची तर मेन आयसोलेटर बंद करून कुलूप घाला, हवा सोडा, चॅनेल २ च्या दोन्ही वायर मॉड्यूलवरून काढा आणि तिथे २७० ओहम, ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा. ९० मिलिअँपिअरच्या जवळपास जातील, रेझिस्टर तापेल, प्लॅस्टिक ट्रंकिंगला टेकवू नका. मग कंट्रोल सप्लाय तेवढा चालू ठेवून आउटपुट देत राहा. ईडीएमच्या (कॉन्टॅक्टर खरंच सुटला का हे तपासणाऱ्या) फीडबॅकमुळे प्रोग्राम अडेल, म्हणून ही चाचणी शटडाऊनमध्ये आणि फक्त सेफ्टी प्रोग्रामचा ताबा असलेल्या माणसाने करायची. आठ तासांत फॉल्ट आला नाही तर मॉड्यूल, बेस आणि पॅरामीटर तिन्ही सुटले. मग रेझिस्टर उचलून पॅनेलच्या टर्मिनलवर, तिथून पुढे कॉइलच्या ए१-ए२ वर, असं एकेक ठाणं पुढे सरका.

चारही चॅनेल एकदम पडली असती तर यातलं काहीच करायचं नव्हतं, प्रोफिनेट नेटवर्कची केबल आणि संदेशाची वाट पाहण्याचा मॉनिटरिंग टाइम बघायचा होता.


वागळे_इस्टेट_४२१

एवढी पीएचडी कशाला? ए२ कॉमन शून्यावर घ्या. बाकी सगळी पीएनपी (धन बाजू स्विच करणारी) आउटपुट कार्डं तशीच चालतात.


सेफ्टी_हिशोबनीस

वागळे इस्टेटवाले, साध्या कार्डात मधला स्विच एकच असतो म्हणून ते चालतं. पीएम आउटपुटमध्ये लोडच्या वर एक स्विच आणि खाली एक स्विच. वरचा चिकटला तरी खालचा सोडवतो. ए२ कॉमनवर टाकलं की खालचा स्विच वगळलात, दोनाचा एक झाला. बहुतेक मॉड्यूल ते लगेच ओळखून एम बाजूचा फॉल्ट देतील. ज्याने दिला नाही त्याच्यावर जास्त संशय घ्या. कॉमन शून्यावर लोड चालवायचाच असेल तर पीपी स्विचिंगचं (दोन्ही स्विच वरच्या बाजूला) मॉड्यूल वेगळं मिळतं.

आता रीइंटिग्रेशन, म्हणजे चॅनेल आपोआप परत येण्याबद्दल. सीमेन्सच्या प्रोग्राममध्ये सेफ्टी इनपुट-आउटपुटच्या डेटा ब्लॉकमध्ये (एफ-आयओ डीबी) 'एसीके_एनईसी' नावाचा बिट असतो. तो ० केला की फॉल्ट जाताच चॅनेल विचारणा न करता परत येतं. तुमचा फॉल्ट क्षणभराचा. म्हणजे रोलर थांबले, कोणीतरी अडकलेला पुठ्ठा काढायला हात घातला, आणि आउटपुट परत आलं. प्रोग्राममध्ये स्वतंत्र रीस्टार्ट इंटरलॉक असेल तर गोष्ट निराळी, पण असा बिट बदलणारा माणूस तो इंटरलॉक तपासत नाही, हाच अनुभव येतो.

आता १०० मिलिसेकंद. रीडबॅक टाइम वाढवणं हे पाप नाही, ती सोय दिलेलीच आहे. पण तेवढ्याने मॉड्यूलचा कमाल प्रतिसाद-वेळ वाढतो, आणि तो थेट लाइट कर्टनच्या अंतरात उतरतो. आयएसओ १३८५५ या सुरक्षा-अंतराच्या मानकाच्या २०१० च्या आवृत्तीतलं सूत्र (मिमी आणि सेकंदात): अंतर = २००० × एकूण थांबण्याचा वेळ + ८ × (रिझोल्यूशन − १४). उत्तर ५०० मिमीच्या वर गेलं तर २००० ऐवजी १६०० घेऊन पुन्हा काढता येतं, मात्र ५०० च्या खाली उतरता येत नाही. २०२४ मध्ये नवी आवृत्ती आली आहे, कागदावर सही करण्याआधी ती उघडा.

३० मिमीच्या कर्टनला दुसरं पद १२८ मिमी. एकूण वेळ ०.१५० सेकंद असेल तर ३०० + १२८ = ४२८ मिमी. त्यात १०० मिलिसेकंद घातले की ५०० + १२८ = ६२८, मग १६०० ने ४०० + १२८ = ५२८ मिमी. कर्टन दहा सेंटिमीटर मागे. पॅनेलमध्ये बसून एक आकडा बदलला आणि बाहेर ब्रॅकेट सरकवायला लागला. उलट १ चे ३ केले तर फरक ४ मिमीचा. मग १०० कुठून आले? कोणी मोजलं नाही, म्हणून गोल आकडा आला.

आणि घणसोलीकरांनी जे लिहिलं नाही ते मी विचारतो. इलेक्ट्रॉनिक कॉइल निघाली तर तिचा ओपनिंग टाइम डेटाशीटमध्ये बघा. साध्या डीसी कॉइलपेक्षा तो बऱ्याचदा कितीतरी मोठा असतो. रीडबॅकचे दोन मिलिसेकंद राहू द्या बाजूला, कॉन्टॅक्टर सोडायलाच किती जास्त घेतोय? सेफ्टी प्रोग्राममध्ये फीडबॅक ब्लॉकचा टाइम, टीआयए या सीमेन्सच्या सॉफ्टवेअरमध्ये 'एफडीबी_टाइम', मेनंतर कोणी वाढवलाय का तेही पाहा.


मीटरबॉक्स

मल्टीमीटरचं २३.८ आणि ० विसरा. मिलिसेकंदाची गोष्ट त्याला दिसतच नाही, तो सरासरी दाखवतो. ऑसिलोस्कोप लागेल, पण लावताना एक चूक सगळे करतात. टेबलावरच्या स्कोपच्या प्रोबची काळी क्लिप आतून अर्थला असते. ती मॉड्यूलच्या एम टर्मिनलवर लावली आणि तुमच्या २४ व्होल्टचं शून्य अर्थ केलेलं असेल, तर तुम्हीच एम शून्याला जोडलंत. फॉल्ट लगेच, आणि तो तुमचाच. बॅटरीवरचा हातातला स्कोप घ्या. तोही नसेल तर दोन प्रोब घ्या, एक पी वर, एक एम वर, दोन्ही क्लिपा पॅनेलच्या शून्यावर, आणि स्क्रीनवर ए वजा बी. टाइमबेस ५०० मायक्रोसेकंद, ट्रिगर पडत्या कडेवर, सिंगल शॉट.

साधी कॉइल असेल तर पडती कड उभ्या भिंतीसारखी दिसते, सप्रेसर (कॉइलचा व्होल्टेजचा झटका दाबणारा भाग) असेल तर शून्याच्या खाली जाऊन थांबते. कपॅसिटर असेल तर घसरगुंडी दिसते. घसरगुंडीचं टोक मोजा, तोच तुमचा आकडा.

चॅनेल ३ ला स्कोप नको. सकाळी फॉल्ट असतानाच, अकराची वाट न पाहता, मॉड्यूलवरून त्याच्या दोन्ही वायर सोडा आणि साध्या मल्टीमीटरने एम वायर ते अर्थ ओहम मोजा. तासा-तासाने पुन्हा मोजा. आकडा चढत गेला तर ओल. मग मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र), तोही वायर दोन्ही टोकांनी सोडल्यावरच. ५०० व्होल्टचा मेगर मॉड्यूलला जोडलेला असताना दाबला तर उद्या स्पेअरची ऑर्डर टाकावी लागेल.

हे बंद असतानाच का पडतं, त्याचं कारण सरळ आहे. चालू असताना पी आणि एम दोन्ही स्विच जोडलेले असतात आणि वायरची दोन्ही टोकं पक्की धरून ठेवतात. त्यांच्यापुढे काही किलोओहमच्या ओलीची काय मिजास. बंद झालं की पी आणि एम दोन्ही स्विच उघडे, वायर तरंगते. मग मॉड्यूलच्या आतल्या वाचनाच्या सर्किटला तेवढी गळतीही दिसते.

जेबी बघताना झाकणाच्या गॅस्केटआधी ग्लँड (केबल आत घ्यायचं तोंड) बघा. ठाणे-बेलापूर रोडच्या दोन्ही अंगाला पावसाळ्यात अर्ध्याअधिक जेबींत पाणी झाकणातून येत नाही, वर लावलेल्या ग्लँडमधून केबलच्या अंगाने येतं. ग्लँड खालून हवी, केबलला आत शिरण्याआधी खाली झोळ हवा, न वापरलेल्या भोकाला प्लग हवा. सिलिकॉन थापणं हा उपाय नाही, आत शिरलेलं पाणी त्याने बाहेर जायचं बंद होतं.


रबाळे_मेंटेनन्स

साप्ताहिक सुट्टीच्या शटडाऊनमध्ये सगळं करून घेतलं.

कॉइलवर '२०–३३ व्ही डीसी' छापलंय. जुन्या काढलेल्या कॉन्टॅक्टरवर '२४ व्ही डीसी'. २७० ओहमवर साडेआठ तास, फॉल्ट शून्य. स्कोपवर घसरगुंडी, ५ व्होल्टला यायला कधी ०.९, कधी १.३ मिलिसेकंद. दिव्याची वायर काढून फरक पडला नाही.

डेटाशीटप्रमाणे नव्याचा ओपनिंग टाइम कमाल ६० मिलिसेकंद, जुन्याचा १५. फीडबॅक टाइम मेमध्ये १०० चा ३०० केलेला आहे, चेंज लॉगमध्ये 'नुइसन्स ट्रिप' एवढंच लिहिलंय. जुना एकूण वेळ १५० मिलिसेकंद, कर्टन ४३० मिमीवर.

चॅनेल ३: सकाळी ७ ला एम वायर ते अर्थ ६ किलोओहम, ९ ला ४०, ११ ला ४०० च्या वर. जेबीची एक ग्लँड वरून आहे, तीच. टर्मिनल पट्टीवर हिरवट थर, आणि एम वायरच्या इन्सुलेशनवर ग्लँडच्या कडेला चीर.

चॅनेल २ ला १ किलोओहमचा रेझिस्टर समांतर टाकून चालेल का, की कॉन्टॅक्टरच बदलायचे?


घणसोली_ऑटोमेशन

रेझिस्टरने फॉल्ट जाईल. ८०० ओहमला १ किलो समांतर म्हणजे सुमारे ४४५, वेळ ०.७ मिलिसेकंदावर येतो. त्यात ०.५८ वॅट जळतात, म्हणून २ वॅटचा घ्या, तो कॉइलच्या टोकांवर लावा, मॉड्यूलच्या टर्मिनलवर नको. लॅमिंग्टन रोडला किरकोळीत मिळेल. पण तुमच्या बाबतीत ते करू नका, हिशोबनीसांचा मुद्दा मोठा आहे.


सेफ्टी_हिशोबनीस

४५ मिलिसेकंद वाढलेत. म्हणजे एकूण ०.१९५ सेकंद. ३९० + १२८ = ५१८, पाचशेच्या वर. १६०० ने ३१२ + १२८ = ४४०, पण पाचशेच्या खाली जाता येत नाही, म्हणून ५०० मिमी. कर्टन ४३० वर आहे. मे महिन्यापासून तो ७० मिमी जवळ आहे, आणि हे सांगायला मशीनकडे एकच जागा होती, फीडबॅकचा टाइम. तो ३०० करून तिचं तोंड बंद केलं. आज लाइन चालू करायची असेल तर कर्टन ५०० वर न्या, नाहीतर बंद ठेवा.

पक्का उपाय साधी २४ व्होल्ट डीसी कॉइल. त्याच अँपिअरचा, मिरर कॉन्टॅक्टवाला (मुख्य कॉन्टॅक्ट चिकटला तर न मिटणारा फीडबॅक कॉन्टॅक्ट), म्हणजे आयईसी ६०९४७-४-१ च्या परिशिष्ट एफप्रमाणे, आणि खुणेचं वर्तुळ बॉडीवर छापलेलं. खरेदीच्या ओळीत कॉइलचा पूर्ण कोड लिहा, '२४ व्ही डीसी' एवढ्यावर स्टोअरला सोडू नका. सप्रेसर व्हॅरिस्टरचा घ्या. साधा डायोड टाकलात तर सोडण्याचा वेळ सहा ते दहा पट होतो आणि १५ चे पुन्हा ९० ते १५० होतील. व्हॅरिस्टर दोन ते पाच मिलिसेकंदच वाढवतो.

साधी कॉइल बसली की फीडबॅक टाइम परत १००, रीडबॅक १ वरच. नवी एफ-सिग्नेचर (सेफ्टी प्रोग्रामची ओळख-संख्या) नोंदवा. मग स्टॉप टाइम यंत्राने मोजा, किमान दहा वेळा, आणि सगळ्यात वाईट आकडा धरा. ब्रेकची पॅडं झिजलेली असतील तर १५० हा जुना आकडाही आता खरा नसेल. के१ चा मिरर कॉन्टॅक्ट सोडून पाहा, लाइन चालू व्हायला नको. मग के२ चा.


मीटरबॉक्स

चॅनेल ३ ची ती वायर टेप गुंडाळून ठेवू नका, पूर्ण बदला. हिरवा थर आलेली टर्मिनलंही. पुसून पुन्हा घट्ट केलेलं टर्मिनल पुढच्या जूनमध्ये पुन्हा हिरवं होतं. नव्या जेबीत सेफ्टीची पी आणि एम वायर कायमच्या २४ व्होल्टच्या टर्मिनलशेजारी घेऊ नका, मध्ये एक रिकामं टर्मिनल किंवा पार्टिशन प्लेट ठेवा. बसवल्यावर मेगरचा आकडा झाकणाच्या आत मार्करने तारखेसकट लिहा.


वागळे_इस्टेट_४२१

ए२ चं मागे घेतो. ते रिकामं टर्मिनल घालायचं आमच्याकडेही राहिलंय.